सुरतेच्या वाटेवरची द्राक्षछाटणी

द्राक्षाच्या बागेतले दिवस पंचांगावर मोजत नाहीत, छाटणीपासून मोजतात. नाशिक, सांगली, सोलापूर भागात एक बागायतदार दुसऱ्याला “बाग किती दिवसांची?” असे विचारतो, तेव्हा त्याला वेलीचे वय नको असते. शेवटची छाटणी होऊन किती दिवस झाले, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. उत्तरात “पंचेचाळीस” असा एक आकडा आला की मणी केवढा झाला असेल, कोणती फवारणी झाली असेल आणि पाणी किती सुटत असेल, हे सगळे ऐकणाऱ्याला कळते. हा हिशेब वर्षातून दोनदा शून्यावर येतो. माल निघाल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तिच्यात वर्षभराची काडी जवळजवळ पूर्ण उतरवून ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या हातावर, फुटीचा एखादा डोळा राखतात. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. तिच्यात उन्हाळ्यात तयार झालेली काडी पाच-सात डोळ्यांवर तोडतात आणि त्या डोळ्यांतून घड बाहेर येतो. वेली दोनदा छाटायच्या आणि पीक मात्र एकदाच घ्यायचे, ही रीत दख्खनच्या पठारावर घडली. तिच्या घडणीचा बराचसा मागोवा सुरतेहून बागलाणमार्गे दौलताबादला जाणाऱ्या जुन्या वाटेवर घेता येतो.

युरोपात, इराणात किंवा काश्मीरसारख्या थंड मुलखात द्राक्षवेल एकदाच छाटतात. थंडीत तिची पाने गळतात, रस खाली उतरतो आणि ती झोपी जाते. त्या झोपेतच काड्या तोडल्या की वसंतात नवी फूट येते. वेलीला विश्रांती देण्याचे काम तिथे थंडीच करते. दख्खनमध्ये अशी थंडी पडत नाही, त्यामुळे वेल झोपत नाही. मोकळी सोडली तर ती वर्षभर हिरवी राहते, टोकाच्या दोन-चार डोळ्यांतूनच पुढे पुढे पळत जाते, मागचे डोळे आंधळे होतात आणि घड फारच थोडे लागतात. संत्रे, मोसंबी, डाळिंब यांच्या बागांत हीच अडचण पाणी तोडून सोडवतात. झाडाला ताण द्यायचा, पाने गळू द्यायची आणि मग पाणी सोडून आंबे बहार, मृग बहार किंवा हस्त बहार धरायचा. द्राक्षाच्या बाबतीत ताणाची ही जागा मुख्यतः कात्रीने घेतली. तिकडे हिवाळा करतो ते काम इकडे माणसाच्या हाताने होते, आणि तेही दोनदा.

दोनदा कशासाठी, याचे उत्तर घड कुठे बसतो यात आहे. फुलणाऱ्या कोणत्याही वेलीवर कात्री चालवण्याआधी एकच गोष्ट पाहावी लागते: पुढचे फूल जुन्या काडीवर येणार की नव्या फुटीवर? सुरतेच्या पूर्वेला डांगच्या रानात आणि सह्याद्रीच्या घाटांत मोरवेल नावाची रानवेल आढळते. तिलाच काही ठिकाणी रानजाई म्हणतात. पानाच्या देठाने ती झुडपाला विळखा घालून चढते, पावसाळा सरताना पांढऱ्या फुलांनी झाकून जाते आणि फुले झडली की पिसासारख्या शेपट्या असलेल्या बियांचे झुबके तिच्यावर उरतात. तिला कोणी छाटत नाही, कोरडा उन्हाळा आणि चरणारी गुरेच ते काम करतात. तिच्याच कुळातली बागेतली क्लेमॅटिस मात्र इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात लाडाची झाली. वोकिंगच्या जॅकमन रोपवाटिकेतला जांभळा संकर १८६२ मध्ये फुलला आणि त्यानंतर तिथल्या माळ्यांनी छाटणीचे नियम पक्के केले. जुन्या काडीवर फुलणारी वेल फुले सरताच हलकी छाटायची, नव्या फुटीवर फुलणारी वेल हिवाळ्याच्या अखेरीस जमिनीलगत तोडायची. द्राक्ष या दोन्ही नियमांत अर्धे-अर्धे बसते. त्याचा घड नव्या फुटीवर दिसतो, पण तो घडतो जुन्या काडीच्या डोळ्यात, कित्येक महिने आधी.

खरड छाटणीनंतरच्या साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसांत, मेच्या कडक उन्हात, कोवळ्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड आकार घेतो. त्या दिवसांत ऊन भरपूर मिळाले तर डोळ्यात घड बसतो. आभाळ राहिले, पाने दाटली किंवा छाटणी लांबून हे दिवस पावसाळ्यात गेले, तर त्याच जागी बाळी, म्हणजे आधाराला विळखा घालणारा तंतू, तयार होते. घड आणि बाळी हे मुळात एकाच अवयवाचे दोन अवतार आहेत. म्हणूनच ऑक्टोबरात घड जिरला, बाळीत गेला अशी तक्रार बागेत ऐकू येते, तेव्हा चूक पाच महिने आधी झालेली असते. आज बागायतदार गोडी छाटणीच्या आधी काड्यांचे नमुने प्रयोगशाळेत नेतात. तिथे डोळा पात्याने उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. त्या मोहरीएवढ्या फुगीर जागेत घडाचा ठिपका कितव्या डोळ्यापर्यंत दिसतो, हे पाहून काडी कुठे तोडायची ते ठरते. हे शास्त्र विसाव्या शतकातले आहे. रीत मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि ती डोळा न चिरताच सापडलेली होती.

ती कधी सापडली, हे कोणा शेतकऱ्याने लिहून ठेवलेले नाही. पण प्रवाशांनी फळे कोणत्या महिन्यात खाल्ली ते लिहिले, आणि फळाच्या महिन्यावरून कात्रीचा महिना काढता येतो. मुहम्मद तुघलकाच्या काळी, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात, दौलताबादला गेलेल्या इब्न बतूताने तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली आहे. ही फळे तिथे वर्षातून दोनदा येतात, असे तो सांगतो. हे वाक्य महत्त्वाचे आहे. न छाटलेली वेल उष्ण मुलखात वर्षाला दोन नीट पिके देत नाही. दोन पिके येत होती, म्हणजे वेल वर्षातून दोनदा तोडली जात होती असे समजायला हरकत नाही. आजची दुहेरी छाटणी सुरुवातीला दुहेरी पिकासाठी होती, हे त्यातून दिसते.

दुसरी नोंद बागलाणची, आणि ती सुरतेच्या अगदी शेजारची आहे. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’त सुरत आणि नंदुरबार या दोन सरकारांच्या मधला डोंगराळ पण संपन्न मुलूख म्हणून बागलाणचे वर्णन केले. तिथे राठोड राजा होता आणि साल्हेर, मुल्हेरसारखे किल्ले होते. तिथल्या उत्तम फळांच्या यादीत त्याने डाळिंबाबरोबर द्राक्षाचेही नाव घातले आहे. पुढे १६३८ मध्ये औरंगजेबाने, तो दख्खनचा सुभेदार असताना, हे राज्य मोगलाईत आणले. सुरत हे मोगलांचे मोठे बंदर, बुऱ्हाणपूर आणि दौलताबाद-औरंगाबाद ही त्यांची दख्खनची ठाणी, आणि बागलाण या दोहोंच्या मधल्या वाटेवर. बैलांचे तांडे व्यारा, नवापूर, पिंपळनेर असे मुक्काम करत घाट चढत. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निएने सतराव्या शतकात हीच वाट मुक्कामानुसार लिहून ठेवली. नवापूरला विणकर पुष्कळ आणि तांदूळ सुवासिक, असे त्याने आवर्जून नोंदवले.

तिसरी नोंद खुद्द सुरतेच्या बाजारातली आहे आणि छाटणीच्या इतिहासाला तीच सर्वांत उपयोगी पडते. जाँ द तेवनो हा फ्रेंच प्रवासी जानेवारी १६६६ मध्ये सुरतेला उतरला. त्याच्या प्रवासवर्णनात सुरतेची पांढरी द्राक्षे येतात. ती फेब्रुवारीच्या आरंभापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत मिळतात, दिसायला मोठी आणि सुंदर असतात, पण चवीला बेताची, असे तो लिहितो. नीट पिकू देत नाहीत म्हणून असे होते, हे काहींचे मत त्याने दिले आहे. द्राक्षे येतात ती चार दिवसांच्या वाटेवरच्या, बालाघाट प्रांतातल्या एका लहान गावाहून. त्याने दिलेले नाव नवापूरच्या उच्चाराशी जुळते आणि चार दिवसांची बैलांची मजलही जुळते. मळे नवापुरातच होते की वरच्या बागलाणातला माल नवापूरला उतरून पुढे जात होता, हा प्रश्न खुला राहतो. पण महिने स्पष्ट आहेत: फेब्रुवारी ते एप्रिल.

गोडी छाटणी झाल्यापासून माल तयार व्हायला जातीप्रमाणे साधारण चार-साडेचार महिने लागतात. फेब्रुवारीच्या आरंभी द्राक्ष बाजारात यायचे तर वेल सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरच्या आरंभी तोडलेली हवी. एप्रिल सरता सरता माल संपायचा तर शेवटच्या बागा नोव्हेंबर-डिसेंबरात छाटलेल्या हव्यात. हेच वेळापत्रक आज निफाड, दिंडोरी आणि तासगावला चालते. शेतकी खाते, सूक्ष्मदर्शक आणि संजीवके यायच्या अडीचशे-तीनशे वर्षे आधी पावसाळा ओसरल्यावरची छाटणी या पट्ट्यात बसलेली होती, हे सुरतेच्या बाजारातल्या त्या तीन महिन्यांवरून सांगता येते. अनुमान म्हणून ते पुरेसे भक्कम आहे, कारण या हवामानात या महिन्यांत भरपूर द्राक्षे मिळवण्याचा दुसरा मार्ग नाही.

चवीच्या तक्रारीचे कारणही त्याच वाटेत सापडते. द्राक्ष आंब्यासारखे तोडल्यावर पिकत नाही. वेलीवर असताना जेवढी साखर भरली तेवढीच. पूर्ण पिकलेला घड चार दिवस बैलाच्या पाठीवर घाटातून उतरला तर मणी झडतात, फुटतात, आंबतात. म्हणून घड करकरीत असतानाच तोडत, आणि सुरतेच्या माणसाला दिसायला छान पण आंबट द्राक्ष मिळे. सुरतेतल्या डचांनी वेगळा प्रयोग केला. घड जमेल तितके दिवस वेलीवर राहू द्यायचे आणि मग त्यांची वाइन काढायची. ती इतकी आंबट होई की साखर घातल्याशिवाय पिणे शक्य नसे, असे तेवनो सांगतो. इंग्रजांच्या वखारीने तो खटाटोपच केला नाही. त्यांच्या मेजावर शिराजची वाइन येई. १६८९ मध्ये सुरतेला आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने वखारीतल्या जेवणाच्या वर्णनात तिचे कौतुक केले आहे. इराणी आखाताकडून येणाऱ्या गलबतांतून वाइनबरोबर गुलाबपाणी, बदाम आणि किसमिसही उतरत असे. बिनबियांच्या त्या मनुकांना मराठीत बेदाणा म्हणतात. फारसीत दाणा नसलेला तो बेदाणा. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

सुरतेत किनाऱ्यालगत द्राक्षांचे मळे उभे राहिले नाहीत, याचे कारण सरळ आहे. तिथे पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, तापीकाठची काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि समुद्राची दमट हवा वर्षातले बरेच महिने पानांवर बसते. बुरशीला याहून सोयीची जागा नाही. घाट चढून सटाणा-कळवणच्या पर्जन्यछायेत आले की पाऊस निम्म्यावर येतो, रात्री थंड आणि दिवस कोरडे होतात. म्हणून मळा वर आणि बाजार खाली, अशी विभागणी या वाटेने केली. ही वाट फौजांचीही होती. शिवाजी महाराज ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून बागलाणातूनच परतले, आणि मोगलांशी त्यांची गाठ वणी-दिंडोरीला पडली. आज त्याच दिंडोरीत ऑक्टोबर म्हणजे छाटणीच्या टोळ्यांची धांदल.

अठराव्या शतकात सुरतेचे बंदर मागे पडले आणि मुंबई पुढे आली. द्राक्षाच्या नोंदीही मग नाशिक आणि पुण्याकडे सरकतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने जिल्हावार गॅझेटियरे छापली. त्यांपैकी १८८३ च्या नाशिकच्या खंडात द्राक्षाच्या बागायतीची नोंद आहे. भोकरी, फकडी, साहेबी, हबशी या त्या काळच्या दख्खनी जाती. वेल मांडवावर नसे, एकेका खुंटावर असे. खुंट पांगाऱ्याचा लावत, कारण पांगाऱ्याची फांदी जमिनीत खोचली की मुळे धरते, उन्हाळ्यात सावली देते, आणि छाटणीच्या वेळी तिचा पाला उतरवला की वेलीला ऊन आणि जमिनीला खत मिळते. पानमळ्यात नागवेलीला शेवरी-पांगाऱ्याचा आधार देण्याची जी जुनी पद्धत होती, तीच इथे द्राक्षाला लागू केली गेली. या पद्धतीत वेल डोक्याच्या उंचीवर आखूड तोडून ठेवत. भोकरी त्याला साजेशी होती. तिच्या बुडाच्या तीन-चार डोळ्यांतही घड असतो, त्यामुळे काडी कितीही आखूड तोडली तरी पीक हातचे जात नाही.

त्या पद्धतीत दोन पिके येत, इब्न बतूताने सांगितले तशीच. ऑक्टोबरच्या छाटणीचे गोड पीक उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि एप्रिलच्या छाटणीचे आंबट पीक पावसाळ्यात. गोडी छाटणी हे नाव याच जोडीतून आले असावे, कारण तिच्या समोर आंबट पीक देणारी दुसरी छाटणी उभी होती. पावसाळी घडाला ऊन मिळत नाही, मण्यात पाणी भरते, साल फुटते आणि घड वेलीवरच सडतो. शिवाय एप्रिलच्या फुटीने घड पोसले की काडीत साठा राहत नाही आणि ऑक्टोबरचे पीक हलके येते. म्हणून हळूहळू बागायतदारांनी पावसाळी पिकाचा लोभ सोडला. छाटणी दोनदाच राहिली, पण पहिलीचा अर्थ बदलला. ती आता फळासाठी उरली नाही, काडीसाठी उरली. शतकानुशतके घेत आलेले एक पीक जाणूनबुजून सोडून देणे हा या रीतीच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागतो. तो कोणा एकाच्या नावावर नाही, आणि तरीही पुढच्या सगळ्या बागायतीचा पाया तोच ठरला. दक्षिणेत, कर्नाटक-तमिळनाडूच्या काही भागांत, पाऊस वेगळ्या वेळी पडत असल्याने दोन पिकांची पद्धत टिकून राहिली.

या काळात वाटाही बदलल्या. थळ घाटातून मुंबई-नाशिक रेल्वे १८६५ मध्ये पूर्ण झाली आणि नाशिकच्या द्राक्षाला एका रात्रीत मुंबई गाठता येऊ लागली. सुरतेला ही सोय मिळायला १९०० च्या सुमाराचा तापी व्हॅली रेल्वेमार्ग उजाडावा लागला. व्यारा, नवापूर, नंदुरबारवरून अमळनेरला जाणारी ही गाडी ताव्हेर्निए-तेवनोच्या वाटेच्या पहिल्या टप्प्यावरूनच धावली. पण तोवर द्राक्षाचा मुख्य बाजार मुंबईने बांधून घेतला होता. तापीकाठचा मार्ग मुख्यतः कापसाचा झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्राक्षाचे दोन मोठे रोग जगभर पसरले आणि छाटणीला आणखी एक अर्थ आला. भुरी पांढऱ्या भुकटीसारखी पानांवर आणि मण्यांवर येते. डावणी, म्हणजे केवडा, पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग पाडते आणि खालून पांढरी बुरशी धरते. भुरीवर गंधकाची भुकटी चालते. डावणीवर फ्रान्समध्ये मिलार्देने १८८५ मध्ये मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण जाहीर केले आणि ते बोर्डो मिश्रण म्हणून जगभर गेले. नाशिकच्या बागांत विसाव्या शतकाच्या आरंभी शेती खात्याने या औषधांचे प्रयोग सुरू केले. पण ओल्या हवेत औषध धुऊन जाते, कोवळे पान दर दोन दिवसांनी नवे निघते, आणि पोंगा अवस्थेतल्या, नुकत्या उलगडणाऱ्या फुटीवर पाऊस आला तर हंगाम तिथेच बसतो. गोडी छाटणी कोणत्या आठवड्यात करायची, हा प्रश्न तेव्हापासून परतीच्या पावसाशी खेळलेला डाव झाला. आजही तो तसाच आहे. आधी छाटली तर पाऊस झोडपतो. मागे राहिली तर सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव पडतो.

पुण्याला गणेशखिंडीच्या सरकारी फळबागेत जी. एस. चीमा यांनी दख्खनी जातींवर काम केले. पांढऱ्या साहेबीच्या रोपांतून निवडलेली चीमा साहेबी त्यांच्या नावाने ओळखली जाते. हैदराबादेतून अनाबेशाही ही जात आली. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० मध्ये पुण्यात स्थापन झाला आणि त्याच दशकात थॉमसन सीडलेस महाराष्ट्रात रुजली. नाव एका कॅलिफोर्नियातल्या बागायतदाराचे, पण जात मुळात पश्चिम आशियातली, जिला तिकडे सुलताना किंवा किसमिस म्हणतात. सुरतेच्या धक्क्यावर शिराजच्या वाइनबरोबर सुकून उतरणारा तो बेदाणाच तीनशे वर्षांनी हिरवा होऊन, अमेरिकेचा वळसा घालून, दख्खनच्या मांडवावर आला.

त्याच्यामुळे छाटणी मुळापासून बदलली. थॉमसनच्या बुडाच्या डोळ्यांत घड क्वचितच असतो, तो काडीवर पुढे, पाचव्या डोळ्याच्या आसपास बसतो. भोकरीसारखी आखूड तोड केली तर बाग वांझ दिसते. पहिल्या काही वर्षांत जुन्या हाताने तोडलेल्या बागांत हाच अनुभव आला असणार, हे वेगळे सांगायला नको. पांगाऱ्याचा खुंट गेला, लोखंडी आणि दगडी खांबांवर तारांचा मांडव आला. वेलीचे हात त्यावर आडवे पसरले आणि त्यांना ओलांडे म्हणू लागले. खरड छाटणीनंतर निघालेली फूट सात-आठ पानांवर असताना शेंडा मारायचा, मग बगलेतून येणारी उपफूट, म्हणजे सबकेन, वाढू द्यायची, हे तंत्र रुजले. शेंडा मारल्या जागी काडीवर गाठ येते आणि गाठीच्या जवळचे डोळे हमखास घडाचे निघतात. सांगली जिल्ह्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून तास-ए-गणेश निवडली. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी लांबट मण्याची सोनाका आणि काळी शरद सीडलेस काढली. बागेत रोज फिरताना एका वेगळ्या दिसणाऱ्या काडीवर नजर ठरली आणि ती काडी वेगळी वाढवली, यातून या जाती आल्या. वेल छाटणाऱ्याला प्रत्येक काडी हातात घेऊन पाहावीच लागते, हे यामागचे साधे कारण आहे.

गोडी छाटणीच्या दिवशी बागेत काय चालते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. पाऊस उघडून दहा-पंधरा दिवस झालेले असतात, पानगळ करून काड्या उघड्या केलेल्या असतात. मजूर मांडवाखाली मान वर करून उभा राहतो. डाव्या हाताने काडी वाकवतो आणि अंगठ्याने चाचपतो. काडी बोटाला कडक लागली, साल तपकिरी झाली, आतला गाभा भरला असला तर ती पक्की. हिरवी, चपटी, भुसभुशीत असली तर ती मुळाशी काढून टाकायची. पक्क्या काडीवर गाठ शोधायची, गाठीपुढे एखादा डोळा राखायचा, आणि डोळ्यापासून बोटाचे एक पेर सोडून कात्री दाबायची. कापाच्या तोंडावर पाण्याचा थेंब जमतो. मागून दुसरा माणूस रबरी हातमोजे घालून येतो. त्याच्या डब्यात हायड्रोजन सायनामाइडचे रंग घातलेले द्रावण असते. स्पंजच्या बोळ्याने तो टोकाच्या डोळ्यांवर टिपका देतो. लाल रंग यासाठी की कोणता डोळा लावला आणि कोणता राहिला हे दिसावे. या औषधाने सगळे डोळे एका आठवड्यात एकदम फुगतात. जे काम थंड मुलखात हिवाळा करतो, ते इथे त्या लाल टिपक्यात असते. औषध विषारी आहे, म्हणून लावणाऱ्याने आधीचे आणि नंतरचे काही दिवस दारूला स्पर्शही करू नये, असे बजावलेले असते. एकराचे उक्ते ठरलेले असते, त्यामुळे टोळी उजाडताच लागते आणि अंधार पडेपर्यंत मांडव सोडत नाही.

या टोळ्या मोठ्या प्रमाणात पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक या आदिवासी तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या डांगातून येतात. स्वतःच्या भाताची-नागलीची कामे आवरली की कुटुंबेच्या कुटुंबे पिकअप गाड्यांत बसून दिंडोरी-निफाडला उतरतात. छाटणी, डोळ्यांना औषध लावणे, विरळणी, काढणी असे करत ती एप्रिलपर्यंत तिथेच राहतात. द्राक्षाच्या निर्यातीचा गौरव करताना बाग, जात, औषध आणि बाजार यांची नावे निघतात. कितवा डोळा राखायचा हे अंगठ्याने ओळखणारा हा माणूस त्या कौतुकात येत नाही, आणि ही मोठी उणीव आहे. युरोपातले माळी छाटणी शिकायला शाळेत जातात. इथे ती आईबापांमागे मांडवाखाली फिरताना शिकली जाते.

निर्यातीने छाटणीबाबत आणखी एक धडा दिला. खरड छाटणीनंतर फुटीची धाव रोखून डोळ्यात घड बसावा म्हणून बागायतदार क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे बोलण्यातले सीसीसी, फवारत. वेलीत ते साठून राहते हे लक्षात आले नव्हते. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला, माल अडकला आणि कित्येक बागायतदार कर्जात गेले. तेव्हापासून एप्रिलमधली वाढ रोखण्यासाठी शेंडा मारणे, पाणी कमी करणे आणि नत्र आवरणे या हाताच्या उपायांवर पुन्हा भर आला.

बागलाणाने मात्र वेळापत्रकच उलटे केले. सटाणा, कळवण, देवळा भागातल्या अनेक बागायतदारांनी गोडी छाटणी ऑक्टोबरवरून मागे, जून ते ऑगस्टमध्ये आणली. त्यांचा अर्ली माल नोव्हेंबर-डिसेंबरापासून निघतो, निफाडची द्राक्षे येण्याआधीच बाजार गाठतो आणि चढा भाव घेतो. पाऊस अंगावर घेऊन छाटायचे, दिवसाआड फवारायचे, आणि अवकाळीने एका रात्रीत मणी तडकले तर सगळे सोडून द्यायचे, असा हा धंदा आहे. अबुल फजलने ज्या मुलखाच्या द्राक्षांचे नाव घेतले, तो मुलूख आजही या पिकात स्वतःचा महिना राखून आहे.

सुरतेची वाट आता नवापूरवरूनही आहे आणि वणी-सापुतारा-वघईवरूनही. बैलांची चार दिवसांची मजल ट्रक एका रात्रीत संपवतो. दिंडोरीत संध्याकाळी क्रेटमध्ये भरलेला घड पहाटे सुरतेच्या सरदार मार्केटमध्ये उतरतो, आणि सकाळी उधना-लिंबायतच्या हातगाड्यांवर येतो. तिथे धुळे, नंदुरबार, जळगावहून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि अहिराणीत भाव करतात. आता घड पुरता पिकवून तोडता येतो, त्यामुळे तेवनोला लागलेला आंबटपणा गेला. बाजाराचे महिने मात्र तेच राहिले. बागलाणचा अर्ली माल सोडला तर गाड्या भरतात त्या फेब्रुवारीत, आणि एप्रिलच्या अखेरीस त्यांवर कलिंगडे येतात. त्याच आठवड्यांत वर घाटमाथ्यावर रिकाम्या झालेल्या मांडवांखाली खरड छाटणी चालू असते आणि बागांचे दिवस पुन्हा एकपासून मोजले जाऊ लागतात.